पोटाचें दुखणें आणि हातांतील सूत्रें

वाईट बातमी कानीं पडतांच पोटांत धस्स होतें, परीक्षेच्या सकाळीं पोटांत गोळा येतो, मूल घरीं परतावयास उशीर झाला कीं आईच्या पोटांत कालवूं लागतें. मनाच्या व्यथेचें ठिकाण मराठी भाषेनें पूर्वींपासून पोटांतच मानलें आहे, आणि त्यांत ती फारशी चुकलेली नाहीं. चरकसंहितेंतहि असें सांगितलें आहे कीं, हितकर अन्न योग्य प्रमाणांत घेतलें तरी चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळें तें पचत नाहीं. आणि अतिसाराचे प्रकार मोजतांना त्या ग्रंथानें भयापासून होणारा व शोकापासून होणारा असे दोन प्रकार निराळे धरले आहेत. तेव्हां मन आणि आंतडीं यांचा संबंध आहे ही गोष्ट नवी नाहीं. हा संबंध कोणत्या मार्गानें घडतो, किती दूर पोंचतो आणि कोठें संपतो, हें मात्र गेल्या सवाशें वर्षांच्या संशोधनानें पुष्कळच स्पष्ट झालें आहे.

हें स्पष्ट होणें अगत्याचें होतें. घरांत कुणाचें पोट वर्षानुवर्षें बिघडलेलें असलें म्हणजे दोन प्रकारचे सल्ले ऐकूं येतात. एक म्हणतो, हे सगळे मनाचे खेळ आहेत, चिंता सोड म्हणजे पोट सुधारेल. दुसरा म्हणतो, मनाचा येथें कांहींएक संबंध नाहीं, औषध बदलून पाहा. पहिल्या सल्ल्यानें कित्येकदां खरा रोग तपासावयाचा राहून जातो, आणि शिवाय आजाऱ्याच्या माथीं दोष येतो. दुसऱ्यानें औषधांची रांग लागते, पण ज्या परिस्थितींत तें पोट रोज राहतें तिच्याकडे कुणाचें लक्ष जात नाहीं. सत्य या दोहोंच्या मध्यें कोठें तरी आहे असें म्हणून भागत नाहीं. तें नेमकें कोठें आहे हें पाहिलें पाहिजे.

पुणें जिल्ह्यांतील शिरूर आणि दौंड हे शेजारचे दोन तालुके या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत. तेथें पोटाचे विकार इतर ठिकाणांहून अधिक आहेत असें नव्हे. परंतु माणसाच्या दिवसाचीं सूत्रें त्याच्या स्वतःच्या हातीं किती आणि दुसऱ्याच्या हातीं किती, हा प्रश्न तेथें अगदीं उघड दिसतो. घोडनदीच्या कांठचें शिरूर हें पुण्याहून अहिल्यानगरास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. भीमेच्या कांठचें दौंड हें मोठें रेल्वे-जंक्शन आहे. शिरूर तालुक्यांत रांजणगांव व सणसवाडी येथें कारखाने आहेत, दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, आणि तेथील कामगारांचें जीवन पाळ्यांवर चालतें. पाऊस तोकडा, म्हणून शेतकऱ्याची दृष्टि कालव्याकडे: शिरूरला चासकमानच्या कालव्याची व घोड धरणाची, दौंडला खडकवासल्याच्या कालव्याची. शेतीपंपांची वीज पाळीपाळीनें कधीं दिवसा तर कधीं रात्रीं येत आली आहे. आणि शिरूरच्या उसाच्या पट्ट्यांत बिबट्याचा वावर असल्यामुळें रात्रीं पाणी द्यावयास जाणें म्हणजे जीव मुठींत धरून जाणें होय. दौंडहून पुण्यास नोकरीसाठीं रोज जाणारांचा दिवस आगगाडीच्या वेळेवर, तर शिरूरकडून जाणारांचा नगर रस्त्यावरील वाहनांच्या कोंडीवर अवलंबून असतो. अशा जीवनांत ज्याला जुनाट पोटाचा विकार जडला, त्याला रोगाबरोबरच वेळापत्रकाशींहि झुंजावें लागतें.

आतां या विकारांची थोडी ओळख करून घेणें जरूर आहे. जुनाट पोटाच्या विकारांचे, येथील विषयापुरते, दोन वर्ग पडतात. एका वर्गांत आंतड्याच्या अस्तरास प्रत्यक्ष दाह होतो. मोठ्या आंतड्यास व्रण पडून रक्त व आंव पडते त्या रोगास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात; अन्नमार्गाच्या कोणत्याहि भागास, विशेषतः लहान आंतड्याच्या शेवटच्या भागास जडणाऱ्या रोगास क्रोनचा रोग म्हणतात. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९३२ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आंतड्यावर उलटते, आणि तिच्या या उलटण्यास आनुवंशिकता, आंतड्यांतील सूक्ष्म जंतु व राहणी या सर्वांचा हातभार लागतो, असें आज मानलें जातें. हे रोग केवळ पाश्चात्य देशांचे आहेत ही समजूत आतां मागें पडली आहे. पंजाबांतील एका पाहणींत, जी २००३ सालीं प्रसिद्ध झाली, अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रोगी लाखांत सुमारें ४४ आढळले. दुसऱ्या वर्गांत दाह किंवा व्रण दिसत नाहीं. परंतु पोट दुखतें, कधीं जुलाब तर कधीं बद्धकोष्ठ होतें, आणि दुर्बिणीच्या तपासणींत आंतडें निरोगी दिसतें. यास इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. मराठींत क्षोभशील आंतडें म्हणावयास हरकत नाहीं. भारतांतील पाहण्यांत तें समाजांत शंभरांत सुमारें चौघांना आढळलें आहे. येथें रोग नाहीं असें नव्हे. आंतड्याची रचना नीट असून वागणूक बिघडलेली असते.

ही वागणूक मनानें कां बिघडावी, याचें उत्तर आंतड्याच्या घडणींत आहे. अन्नमार्गाच्या भिंतींत दहा कोटींहून अधिक ज्ञानतंतुपेशींचें जाळें पसरलेलें आहे. मेंदूची आज्ञा नसली तरी हें जाळें अन्न पुढें ढकलण्याचें काम स्वतंत्रपणें करूं शकतें. बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १८९९ सालींच हें दाखवून दिलें. तरीहि तें मेंदूपासून तुटलेलें नाहीं. मेंदूकडून निघून छातींतून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नांवाची मोठी मज्जा दोघांमध्यें बातम्या नेते, आणि आश्चर्याची गोष्ट अशी कीं तिच्यांतील बहुतेक तंतु वरून खालीं हुकूम नेणारे नसून खालून वर बातमी पोंचविणारे आहेत. म्हणून मन पोटास बिघडवितें तसें पोटहि मनास बिघडवितें. ज्याचें आंतडें महिनेमहिने दुखतें त्याचा स्वभाव चिडचिडा झाला, तर तो स्वभावच दुखण्याचें मूळ होता असें समजणें म्हणजे परिणामाला कारण म्हणणें होय.

वरून खालीं येणारा मार्गहि प्रयोगांनीं पाहिला गेला आहे. हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं क्षकिरणांच्या साहाय्यानें मांजराच्या जठराच्या हालचाली पाहिल्या. मांजर स्वस्थ असतां जठर तालबद्ध हलत असे. तें बिथरलें कीं हालचाल थांबे, आणि शांत झालें कीं पुन्हां सुरू होई. पुढें १९४० ते १९५० या दशकांत न्यूयॉर्कचे थॉमस आल्मी यांनीं माणसाच्या मोठ्या आंतड्यांत दुर्बीण घालून असेंच पाहिलें. एका स्वयंसेवकास आंतड्यांत कर्करोग असल्याचें खोटेंच भासविण्यांत आलें, तेव्हां त्याचें आंतडें आकुंचन पावलें. तो बनाव असल्याचें सांगतांच तें सैल पडलें. असा प्रयोग आज कोणी करूं देणार नाहीं, आणि तेंच योग्य आहे. परंतु त्यानें सिद्ध झालेली गोष्ट खोटी ठरत नाहीं.

भयाच्या वेळीं मेंदूंतून एक रासायनिक दूत निघतो, त्याच्या इशाऱ्यानें पुढें कॉर्टिसॉल हा स्राव रक्तांत येतो, आणि आंतड्याच्या अस्तरांतील कांहीं पेशी उत्तेजित होतात. बेल्जममधील ल्युव्हेन येथील संशोधकांनीं २०१४ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, निरोगी माणसांस सभेपुढें भाषण करावयास लाविलें असतां, ज्यांच्या शरीरांत कॉर्टिसॉल वाढलें त्यांच्या लहान आंतड्याची भिंत त्या वेळेपुरती अधिक पाझरूं लागली. भिंत पाझरली म्हणजे आंतील पदार्थ व जंतूंचे अंश संरक्षक पेशींच्या संपर्कांत येतात. निरोगी माणसास याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु ज्याच्या आंतड्यांत दाहाची ठिणगी आधींच आहे, किंवा ज्याच्या आंतड्याच्या संवेदना तीव्र झाल्या आहेत, त्याला हीच क्षुल्लक गोष्ट भोंवते.

येथवर ताणाचें झालें. परंतु सगळा ताण सारखा नसतो, आणि या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथेंच आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विश्वविद्यालयांत जे वाइस यांनीं १९७० च्या सुमारास उंदरांवर कांहीं प्रयोग केले. दोन उंदरांच्या शेपटीस विजेचे धक्के बसत, आणि दोघांना बसणारे धक्के अगदीं सारखेच असत. फरक एवढाच कीं, एकाच्या पुढें एक चाक होतें व तें फिरवलें कीं दोघांचाहि धक्का बंद होई. दुसऱ्याच्या हातीं कांहींच नव्हतें. प्रयोगानंतर पाहतां, चाक असलेल्याच्या जठरांत व्रण कमी पडले आणि निरुपायी असलेल्याच्या जठरांत अधिक. धक्क्यापूर्वीं सूचना मिळाली तरीहि व्रण कमी पडत. म्हणजे हानि केवळ धक्क्यानें होत नव्हती. धक्का केव्हां येईल हें न कळण्यानें आणि त्यावर उपाय नसण्यानें ती वाढत होती.

वाइस यांच्या पूर्वीं १९५८ सालीं जोसेफ ब्रॅडी यांनीं माकडांवर असाच प्रयोग करून उलट निष्कर्ष काढला होता: ज्या माकडावर जबाबदारी होती त्यालाच व्रण झाले. त्यावरून कारभारी माणसांस व्रण होतात ही समजूत जगभर पसरली. पुढें असें लक्षांत आलें कीं, कळ दाबण्यास जीं माकडें आधींच चपळ होतीं त्यांनाच ब्रॅडी यांनीं कारभारी नेमलें होतें, म्हणून ती तुलना समतोल नव्हती. परंतु वाइस यांनाहि एक अपवाद सांपडला, आणि तो विसरतां कामा नये. चाक फिरविण्याचीच शिक्षा म्हणून धक्का बसूं लागला, तेव्हां चाक हातीं असलेल्या उंदराची स्थिति निरुपायी उंदराहूनहि वाईट झाली. हातीं सूत्र असणें हितकर खरें. पण तें ओढलें असतां कांहीं फळ दिसलें पाहिजे. निष्फळ धडपड ही निरुपायपणाहून अधिक पिळून काढते.

माणसांच्या बाबतींत डेव्हिड ग्लास व जेरोम सिंगर यांचा १९७२ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग बोधप्रद आहे. कर्कश गोंगाटांत माणसांना काम करावयास लाविलें. कांहींजणांना एक कळ दाखवून सांगितलें कीं गोंगाट असह्य झाला तर ही दाबावी, पण शक्यतों दाबूं नये. त्यांनीं ती दाबली नाहीं. गोंगाट सर्वांनीं सारखाच सोसला. तरीहि ज्यांच्यापाशीं कळ होती त्यांचें पुढचें काम अधिक नीट झालें. न दाबलेल्या कळीनेंहि मनास आधार दिला.

ही गोष्ट पोटाच्या रोग्यास लागू करून पाहिली तर पुष्कळ उलगडा होतो. शिरूरहून पुण्यास एस्‌. टी. नें निघालेल्या अशा माणसाला रस्त्याचें अंतर मैलांनीं वाटत नाहीं. वाटेंत संडास कोठें आहे यावरून तो तें मोजतो. तो मिळेल कीं नाहीं ही भीतिच आंतड्यास हालवते, आणि आंतडें हाललें कीं भीति खरी ठरते. वाटेंतील कोणत्या थांब्यावर सोय आहे हें ज्याला आधीं ठाऊक आहे, पिशवींत कपड्यांचा एक जोड आणि डॉक्टरांनीं दिलेलें औषध आहे, त्यानें तीं एकदांहि वापरलीं नाहींत तरी तीं त्याची न दाबलेली कळ होत. स्त्रियांच्या बाबतींत हा प्रश्न दुप्पट कठीण असतो. उसाच्या तोडणीस येणाऱ्या बाईला, किंवा दिवसभर रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईला स्वच्छ शौचालय जवळ असणें हें सुखसोयीपुरतें राहत नाहीं. औषधोपचाराचाच तो एक भाग होतो.

कालव्याच्या पाण्याचें उदाहरण त्या भागांतील प्रत्येकास कळेल. पाऊस कुणाच्या हातीं नाहीं, धरणांतील सांठाहि नाहीं. तरीहि आवर्तन अमुक तारखेस सुटणार हें आधीं कळलें, तर शेतकरी पेरणी, खत, मजूर यांची सांगड घालतो आणि रात्रीं झोंपतो. तेंच पाणी, तेवढेंच पाणी, तारीख न सांगतां आलें तर पीक कदाचित्‌ तेवढेंच येईल, पण मधले दिवस माणसास खातात. जुनाट रोगाचें असेंच आहे. रोग मुळांतून काढून टाकणें पुष्कळदां रोग्याच्या किंवा डॉक्टरांच्याहि हातीं नसतें. परंतु त्याची चाहूल ओळखणें, ती लागतांच काय करावयाचें हें ठरलेलें असणें, आणि कोणाकडे जावयाचें हें ठाऊक असणें, एवढें हातीं असूं शकतें.

याचा प्रत्यक्ष पडताळा इंग्लंडांत घेतला गेला. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २०३ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाची नेहमींप्रमाणें ठराविक तारखांना तपासणी होत राहिली. दुसऱ्या गटांतील प्रत्येकास, रोग उलटल्याचीं लक्षणें कोणतीं व तीं दिसतांच कोणतें औषध कसें सुरू करावयाचें, याची त्याच्यापुरती लेखी योजना दिली, आणि गरज पडेल तेव्हां येण्याची मुभा दिली. १९९० नंतरच्या दशकांत चाललेल्या व २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पाहणींत, योजना हातीं असलेल्यांचा रोग उलटल्यावर उपचार सरासरी सुमारें १५ तासांत सुरू झाला. इतरांस सुमारें ५० तास लागले. रुग्णालयांतील खेपा कमी झाल्या आणि प्रकृति मात्र अधिक बिघडली नाहीं. येथें डॉक्टर बाजूस झाला नव्हता; योजना त्यानेंच आंखून दिली होती. सूत्र त्यानें रोग्याच्या हातीं सोंपविलें होतें.

ताणाचा या रोगांशीं संबंध किती, याविषयीं पुराव्याहून अधिक बोलूं नये. १९३० सालीं सेसिल मरे या अमेरिकन डॉक्टरांनीं कोलायटिसचा आरंभ मानसिक आघाताच्या वेळीं होतो असें लिहिलें, आणि १९५० सालीं फ्रान्झ अलेक्झांडर यांनीं त्यास मनापासून उद्भवणाऱ्या रोगांच्या यादींत घातलें. पुढें बरींच वर्षें रोग्यांच्या आणि त्यांच्या आयांच्या स्वभावावर ठपका ठेवला गेला. १९९० सालीं जुन्या निबंधांची नीट छाननी झाली, तेव्हां काळजीपूर्वक केलेल्या पाहण्यांत असा संबंध दिसत नाहीं असें आढळलें. जठराच्या व्रणाचें तर आणखीच झालें: १९८२ सालीं बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनीं त्यामागील जंतु शोधून काढला, आणि २००५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणून ताणामुळें कोलायटिस जडतो असें म्हणण्यास आधार नाहीं. जडलेल्या रोगाच्या चालीवर मात्र ताणाचा परिणाम दिसतो. रोम येथील एका पाहणींत, जी २००० सालीं प्रसिद्ध झाली, एखाद्या महिन्याच्या ताणानें फरक पडला नाहीं, परंतु दीर्घकाळ ताण सोसणारांचा रोग पुन्हां उसळण्याचा संभव वाढला. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतांतील रोग्यांतहि ताण व रोगाचा उठाव यांची सांगड आढळली. मात्र त्याच प्रांतांत पुढें शौचाच्या तपासणीनें दाह मोजला, तेव्हां ताणानें लक्षणें वाढतात, पण दाह तितका वाढतोच असें दिसलें नाहीं. क्षोभशील आंतड्याच्या बाबतींत ताणाचा हात याहून स्पष्ट आहे, आणि विचारांस वळण देणाऱ्या मानसोपचारानें व संमोहनोपचारानें त्यांत गुण येतो हें सिद्ध झालें आहे. दाहाच्या रोगांत असे उपचार मनास आधार देतात. दाहावरील औषधाची जागा ते घेऊं शकत नाहींत.

पाळीच्या कामाचाहि येथें विचार केला पाहिजे. आंतड्यास दिवस-रात्रीचें स्वतःचें घड्याळ असतें. सकाळीं तें जागें होतें, रात्रीं मंदावतें. अमेरिकेंतील मिशिगन येथील परिचारिकांच्या पाहणींत, जी २०१० सालीं प्रसिद्ध झाली, ज्यांची पाळी सारखी बदलत असे त्यांच्यांत क्षोभशील आंतडें दिवसपाळीवाल्यांहून अधिक आढळलें, आणि झोंपेचा भाग वगळूनहि तो फरक राहिला. पाळ्या बंद करणें कारखान्यास शक्य नसेल; परंतु पाळीचें पत्रक महिनाभर आधीं लावणें, आजारी कामगारास एकच पाळी देणें, आणि यंत्रावरून पांच मिनिटें उठण्यास परवानगी मागावी लागूं नये अशी व्यवस्था करणें, यास खर्च फारसा नाहीं. सूत्रें रोग्याच्या हातीं द्या असें म्हणतांना तीं आज ज्यांच्या हातीं आहेत त्यांनीं थोडीं सैल सोडलीं पाहिजेत, हें ओघानेंच आलें.

याच लोहमार्गावर, पुणें आणि दौंड यांच्या मध्यें, हवेली तालुक्यांत उरुळी कांचन हें गांव आहे. १९४६ च्या मार्च महिन्यांत महात्मा गांधी तेथें येऊन राहिले, गांवकऱ्यांवर निसर्गोपचार केले, आणि तेथील आश्रम पुढें मणिभाई देसाई यांनीं वाढविला. माती, पाणी, ऊन, मोजका आहार व नियमित दिनचर्या यांवर तेथील भर होता. या उपचारांतील प्रत्येक दावा आजच्या कसोटीस उतरेल असें नाहीं. परंतु आजारी माणसानें आपल्या शरीराचा कारभार स्वतः समजून घ्यावा ही त्यामागील दृष्टि मोलाची होती. गांधीजींस पोटाचें दुखणें स्वानुभवानें ठाऊक होतें: १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत हिंडत असतां त्यांस आमांशानें इतकें घेरलें कीं आपला अंत जवळ आला असें त्यांस वाटलें. आणि याच गांधीजींनीं, १९२४ च्या जानेवारींत आंत्रपुच्छाचा दाह झाला तेव्हां, पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांच्या हातून शस्त्रक्रिया करून घेतली. शरीरावर स्वतःची सत्ता असावी हें व्रत पाळणाऱ्या पुरुषानें योग्य वेळीं तें शरीर शस्त्रवैद्याच्या हातीं दिलें. आपल्या हातीं काय आहे हें जाणणें आणि काय नाहीं हेंहि जाणणें, या दोन्ही गोष्टी मिळूनच खरा ताबा होतो.

म्हणून तपासणी प्रथम. शौचांतून रक्त जाणें, वजन घटणें, ताप राहणें, रात्रीं झोंपेंतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर नव्यानेंच सुरू झालेला विकार, यांपैकीं कांहींहि असेल तर तें चिंतेचें लक्षण समजून घरीं बसूं नये. आपल्या देशांत आंतड्याचा क्षय अजून आढळतो, आणि तो क्रोनच्या रोगासारखाच दिसतो. एकाचें औषध दुसऱ्यास घातक ठरूं शकतें. शौचांतील कॅल्प्रोटेक्टिन या द्रव्याच्या तपासणीनें आंतड्यांत दाह आहे कीं नाहीं याचा पुष्कळसा अंदाज येतो, आणि जरूर तर दुर्बिणीनें पाहतां येतें. दाहाचें औषध बरें वाटूं लागतांच बंद करणें ही या रोगांतील फार मोठी चूक आहे. रोग शांत ठेवण्यासाठींच तें चालू असतें.

तपासणी झाल्यावर नोंद. शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें पुण्याच्या के. ई. एम्‌. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानें २००२ पासून आसपासच्या गांवांतील कुटुंबांची नोंद घरोघर जाऊन ठेवण्याचें काम चालविलें आहे. गांवाच्या आरोग्यास जें लागू तें एका माणसासहि लागू आहे: जें लिहिलें जातें तें दिसूं लागतें. एका साध्या वहींत जेवण, झोंप, त्या दिवसाची दगदग आणि पोटाची स्थिति एवढें चार-सहा आठवडे लिहिलें, तर कोणत्या गोष्टीनें खरोखर त्रास होतो आणि कोणतीवर उगीच आळ आला होता, हें निवडतां येतें. ही निवड फार जरूर आहे. भीतीपोटीं आज दूध, उद्यां गहूं, परवां डाळ असें करीत कित्येकजण पेजेवर येऊन ठेपतात; त्यांस वाटतें आपण रोग ताब्यांत आणला, आणि प्रत्यक्षांत शरीर खंगत असतें. ज्या चाकाचें फळ दिसत नाहीं तें फिरवीत राहूं नये, हा उंदरांनीं शिकविलेला धडा येथें लागू पडतो.

घरच्या माणसांचें कामहि यावरूनच ठरतें. चिंता करूं नकोस, या वाक्यानें चिंता जात नाहीं. उलट ती करणें हा आपलाच अपराध आहे असें रोग्यास वाटूं लागतें, आणि रोग उसळला कीं तो दुप्पट खचतो. पथ्य पाळून, औषध घेऊन, शांत राहूनहि हे रोग कधीं कधीं उलटतात, आणि त्यांत कुणाचा दोष नसतो. त्याऐवजीं सकाळीं संडासाची पहिली वेळ त्याची ठेवावी. लग्नकार्यांत त्यानें जेवणास नाहीं म्हटलें तर आग्रह करूं नये. बाहेर जातांना पांच मिनिटें थांबावें लागलें तर कारण विचारूं नये. डॉक्टरांकडे जातांना प्रश्न त्यानें स्वतः विचारावे आणि सोबत्यानें उत्तरें लिहून घ्यावीं. यांतील एकहि गोष्ट रोग बरा करीत नाहीं. परंतु दिवसाच्या ज्या तासांत रोगाचें राज्य असतें, त्यांतील कांहीं तास त्या माणसास परत मिळतात, आणि पुढच्या उपचारास लागणारें बळ त्याच तासांतून येतें.